टाकीवरचे दोन ठोके

१

नवा कॉम्प्रेसर आवाज करतो म्हणून जोतिबाने सांगलीच्या दुकानात फोन लावला, तेव्हा तिकडचा बाळासो हसला. कॉम्प्रेसर म्हटल्यावर आवाज करणारच की काका, म्हणाला. तेवढ्यावरच जोतिबाचं डोकं फिरलं.

"आवाज करतोय हे मला सांगू नगंस," तो म्हणाला. "उभा जलम फौजेच्या वर्कशॉपात गाड्या उघडण्यात गेलाय माझा. मशीनचा आवाज कुठला आन् भाईरचा कुठला, येवढं कळतं. ह्यो आवाज मशीनचा न्हाई."

"मग कुणाचा हाय?" बाळासोने विचारलं. अजून तो हसतच होता.

जोतिबाने फोन ठेवला. उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते दुकानदाराला सांगणं म्हणजे घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडणं झालं असतं. तो आवाज त्याच्या बायकोचा होता.

मनुबाई मागच्या उन्हाळ्यात भाकरी थापता थापता कलंडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. उंब्रजला हायवेच्या कडेला जोतिबाचं चांगलं चालतं गॅरेज होतं. ट्रॅक्टरची बॉनेटं, उसाच्या ट्रॉल्या, फवारणीचे पंप, सगळं तो दुरुस्त करून रंगवून द्यायचा. त्याने शटर ओढलं आणि सामान घराला लागून असलेल्या गोठ्यात आणून टाकलं. जनावरं कधीच विकली होती. गोठा आणि आतली खोली यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला लावून मनुबाईची खाट.

हाक कशी मारायची, हा प्रश्न त्याने फौजेतल्या रीतीने सोडवला. वर्कशॉपात गाडीखाली माणूस असला की वरचा माणूस ओरडत नाही, कारण ऐकूच येत नाही. तो पान्याने चेसिसवर ठोकतो. तीन ठोके म्हणजे ये. खालून दोन ठोके म्हणजे आलो. एकच ठोका म्हणजे थांब. मनुबाईच्या उशाशी स्टीलचं फुलपात्र ठेवलं आणि हे तिला शिकवलं. अर्धी दुपारसुद्धा लागली नाही. लेकाने, ऋषिराजने, छावणीतून बॅटरीवरची घंटी पाठवली होती, तिला मनुबाईने हातही लावला नाही.

घंटीला नुसतं वाजता येतं. फुलपात्रातून मनुबाई बोलायची. तहान लागली असेल तर ठोके सरळ, एकासारखा एक. रागावली असेल तर तिसरा ठोका दणकून. आणि काही नको असेल, नुसतंच बोलवायचं असेल, तर तिसरा ठोका इतका हळू की वाजला की नाही असं वाटावं. त्या हळू ठोक्यासाठी जोतिबा हातातलं काम टाकून जायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नुसतं बोलवायला ती धडधाकट असताना कधी बोलवत नव्हती.

२

रंग फवारायला घेतलेला कॉम्प्रेसर आला तो दिवाळीनंतर. विजेचा पॉइंट मधल्या भिंतीला होता, म्हणून तो त्याच भिंतीला खेटून बसला. बसवला त्या दिवशी जोतिबा खुशीत होता. एक सोय तर आपसूकच झाली. मनुबाईने ठोकलं की हातात जे असेल त्याने, जवळ जे असेल त्यावर तो दोन ठोके मारायचा, कधी व्हाइसवर, कधी पत्र्यावर. आता टाकी हाताशीच होती, आणि टाकीवर मारलेला ठोका पलीकडे घंटेसारखा स्वच्छ जायचा.

मशीन चालायचं ठीक. हवा भरायची, काटा वर चढायचा, मोटार आपोआप बंद पडायची, उरलेली हवा फुस्स करून निघायची. मग गोठ्यात शांतता व्हायची, आणि त्या शांततेत तीन ठोके.

जोतिबा टाकीवर दोन ठोके मारायचा आणि हात पुसत आत जायचा. मनुबाई झोपलेली असायची. किंवा जागी असायची आणि, काय झालं, अशा नजरेने बघायची. पाणी पाहिजे का? मान नकारार्थी हलायची. कूस बदलायचीय का? नाही. वाजवलंस कशाला मग? त्यावर ती डोळे मिटून घ्यायची. न केलेल्या गोष्टीचा जाब तिला कधीच सहन झाला नव्हता, आणि आता तर उलटून बोलायची सोयही नव्हती.

दोनचार दिवसांत जोतिबाच्या लक्षात आलं की मोटार बंद पडल्यावर येणारे ठोके तिचे नसतात. मशीनचे असतात. मग तो त्या ठोक्यांना जायचा बंद झाला. हाताला मात्र सवय होती, हात आपला दोन ठोके मारून द्यायचा.

आणि एका दुपारी ते ठोके तिचे निघाले.

तो ट्रॅक्टरच्या मडगार्डला रंग मारत होता. मोटार बंद पडली, ठोके आले, त्याने फवाऱ्याची बंदूक हातातच ठेवून डाव्या हाताने टाकीवर दोन दिले आणि पुढे रंगवत राहिला. ठोके पुन्हा आले, पुन्हा आले. मडगार्ड संपवून तो आत गेला तेव्हा मनुबाई ओल्या गादीवर पडली होती. फुलपात्र खाली गडगडलं होतं. त्याने चादर बदलली, तिला पुसून काढलं, कोरडं लुगडं नेसवलं. ती भिंतीकडे तोंड करून राहिली. त्याने "चुकलं माझं" म्हटलं तरी तिने तोंड वळवलं नाही. 'आलो' असं सांगून तो आला नव्हता, यापेक्षा मोठा अपमान तिच्या लेखी नव्हता, आणि ते त्याला पुरतं कळत होतं.

गोठ्यात येऊन जोतिबाने कॉम्प्रेसरला आईबहिणीवरून जेवढं बोलता येतं तेवढं बोलून घेतलं. दुसरं काहीही कर म्हणाला, जळ, फूट, पण हिची हाक चोरू नकोस. ह्या घरात तेवढंच उरलंय.

३

मग तो मशीनच्या मागे लागला. बेल्ट ताणून घेतला. पुलीचा बोल्ट आवळला, जरी तो सैल नव्हता. मोटारीच्या पंख्याचं कव्हर काढून हलवून पाहिलं, पायांखाली ट्यूबच्या जाड रबराचे तुकडे घातले, तेल बदललं. हेड उघडून व्हॉल्व्हच्या पट्ट्या बघितल्या, आरशासारख्या लख्ख होत्या. टाकीत साचलेलं पाणी सोडलं, ते चमचाभर निघालं. सगळं जिथल्या तिथे होतं. त्याचाच त्याला जास्त संताप आला. बिघडलेल्या मशीनशी भांडता येतं, चांगल्या मशीनशी काय भांडणार?

दुकानाच्या पायरीवर येऊन बसेन अशी धमकी दिल्यावर सांगलीहून आसिफ आला. तिशीचा, कमी बोलणारा मेकॅनिक, हात तयार. त्याने सगळं पुन्हा तपासलं, तेही न कुरकुरता, आणि जोतिबाला तो जरा आवडलाही. शेवटी तो म्हणाला, "काका, बंद करा. ऐकू द्या मला."

जोतिबाने बटण बंद केलं. आसिफने लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक टाकीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. जुना मेकॅनिक बेअरिंग असंच ऐकतो. लोखंडातला आवाज लोखंडातून थेट कानात येतो.

तीन ठोके आले. जोतिबाच्या हातात पाना होता. विचार करायच्या आधीच हाताने टाकीवर दोन ठोके दिले.

आसिफने स्क्रू-ड्रायव्हर कानापासून असा ओढला, जणू चटका बसला. मग, बहुधा लाजेखातर, परत टेकवला. टोक वीतभर उजवीकडे सरकवलं, मग डावीकडे, मग पहिल्या जागी.

"काका, टाकीच्या मागं काय हाय?"

"भिंत. पलीकडं आमची मंडळी पडून असतीया."

"त्यांनी काय वाजवलं का आत्ता?"

"तेच तर इचारतोय तुला मी. काय ऐकलंस?"

आसिफ हत्यारं पिशवीत भरायला लागला. "लोखंड निवतंय," तो म्हणाला. "गरम झालेली टाकी निवताना वाजती."

"माझ्याकडं बघून बोल."

आसिफने बघितलं नाही. शेजारच्या शालूबाईने चहा आणला होता, त्यालाही हात लावला नाही. मोटारसायकलला किक मारल्यावर मात्र तो थांबला.

"काका, येक सांगतो, राग मानू नगा. त्ये वाजलं तर तुमी परत वाजवू नगासा."

"आन् माझ्या बायकूनं वाजवलं तर? तिला काय उत्तर दिऊ? सांगलीला इचारून घिऊ तुला?"

आसिफने गाडी गिअरमध्ये टाकली आणि निघून गेला. जोतिबा कितीतरी वेळ फाटकापाशी बडबडत राहिला. शिकलेल्या कामाचा माणूस, आणि भिकाऱ्यासारखं तोंड चुकवून जातो. निवतंय म्हणे. एवढं सकाळपासून टाकीला हात लावून बघत होतो, गरम झालीच कुठे होती?

४

दुसऱ्या दिवशी त्याने प्लग काढला. वायर गुंडाळून खिळ्याला टांगली. टाकीची सगळी हवा सोडली, खालची चावी उघडीच ठेवली, काटा शून्यावर आला. आता वाज म्हणाला.

दिवसभर काही वाजलं नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा तो बाहेरच्या पायरीवर पत्रा घासत बसला होता. आत शालूबाई मनुबाईची वेणी घालत होती. रोज ती याच वेळेला यायची, गावच्या बातम्या सांगायची, मनुबाई डोळ्यांनी हसायची.

ठोके आले. तीन, आणि तिसरा दणकून.

रागावली वाटतं, असं म्हणत तो उठला. हातातल्या कानसीने दाराच्या कडीवर दोन ठोके दिले आणि आत गेला.

"काय गं, काय झालं?"

शालूबाईने मान वर केली. तिच्या एका हातात मनुबाईचे केस होते आणि दुसऱ्यात फणी. मनुबाईचा डावा हात मांडीवर होता, आणि त्यात शालूबाईने धरायला दिलेली रिबीन होती. फुलपात्र खिडकीत होतं, कुणाचाही हात पोहोचणार नाही अशा जागी.

"आवं दादा, आमाला काय इचारताय?" शालूबाई म्हणाली. "तुमीच वाजवलंत न्हवं तिकडनं? वैनी कवाच्या दचकल्यात."

जोतिबाला एका अर्थाने बरंच वाटलं. म्हणजे कान ठीक होते, डोकं ठीक होतं. ठोके दुसऱ्यालाही ऐकू गेले होते. मग त्याची नजर मनुबाईवर गेली. ती दचकलेली नव्हती. मान कलती करून ती भिंतीकडे बघत होती. खूप दिवसांनी दारात कुणी उभं राहावं आणि ओळख पटू पाहावी, असं ते बघणं होतं.

"फुलपात्र उशाशी ठिवत जा," तो शालूबाईवर खेकसला. तिचा काही दोष नव्हता, पण कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं.

५

गोठ्यात जाऊन त्याने स्वतःचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. दार सताड उघडं होतं, उजेड होता, हायवेवरून उसाच्या गाड्या गाणी लावून चालल्या होत्या. भ्यायचं काही कारणच नव्हतं. प्लग खिळ्याला होता आणि टाकी रिकामी होती. त्याने टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

आधी काहीच नाही. रिकाम्या टाकीत जो एक घुमारा असतो तोही नाही. नंतर त्याला समजलं की ही शांतता रिकामी नाही. कुणीतरी आवाज न करता उभं असलं की जशी असते, तशी आहे. त्याने श्वास धरला. तिकडेही काहीतरी धरल्यासारखं झालं.

मग टक्.

अगदी बारीक, पण थेट कानात. पत्र्याच्या आतल्या अंगाने, त्याचं टोक जिथे टेकलं होतं बरोबर तिथेच, दुसरं एक टोक येऊन टेकलं होतं. त्याने स्क्रू-ड्रायव्हर इंचभर सरकवला. आतलं टोक खरखरत तेवढंच सरकलं. आणि मूठ कानावर हलकेच दाबली गेली. त्याने दाबली नव्हती.

त्याने हात काढून घेतला तेव्हा घाबरण्याआधी त्याला संतापच आला. माझ्या गोठ्यात, माझ्या भिंतीला, माझंच ऐकतंय कोण? तो टाकीवर लाथ घालणार तोच आतून ठोके आले. एक, दोन, आणि तिसरा असा की टाकी रबरावरून हलली.

तो ठोका त्याने ओळखला. तसा तिसरा ठोका मनुबाई मारायची. उशीर झाल्यावर, वाट बघून बघून जीव उबगल्यावर.

आणि मग त्याला एकेक आठवत गेलं. इतके दिवस ठोके येत होते, आणि दर वेळी, न चुकता, त्याचा हात टाकीवर दोन ठोके देत होता. आलो. आलो. आलो. मग तो उठायचा आणि मनुबाईकडे जायचा, किंवा जागचा हलायचाही नाही. ज्याने हाक मारली होती त्याच्याकडे तो एकदाही गेला नव्हता. फौजेत असं कुणी केलं असतं तर जोतिबाने स्वतः त्याचं कातडं लोळवलं असतं. तिकडे जे कुणी होतं त्याला राग यायचा हक्कच होता.

हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. हात टाकीकडे निघालाच होता. त्याने तो दुसऱ्या हाताने धरला.

६

कॉम्प्रेसर परत न्यायला बाळासो तयार नव्हता. मशीनमध्ये दोष नाही, असं आसिफने लिहून दिलंय म्हणाला. जोतिबा फोनवर इतका कडाडला की रस्त्यावरची माणसं थांबली. पैसे नकोत, मशीन फुकट ने, पण आज ने. फुकट म्हटल्यावर टेम्पो दुपारच्या आत आला. चढवताना जोतिबाने टाकीला हात लावला नाही. टेम्पो हायवेला लागेपर्यंत तो फाटकात उभा होता.

गोठ्यात भिंतीपाशी रबराच्या पायांचे चार काळे डाग तेवढे उरले. त्याने ते रॉकेलने पुसले. रंगाची कामं तो परत ब्रशने करायला लागला. गिऱ्हाइकं कुरकुरली, त्यांना दुसरीकडे जा म्हणून सांगितलं.

घर निवलं. मनुबाईचे ठोके आता फक्त मनुबाईचे होते. जोतिबा आता कशावरच ठोकायचा नाही, तोंडानेच "आलो गं" म्हणायचा आणि लगेच जायचा. एकदा संध्याकाळी तिसरा ठोका हळू आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. ऋषिराजला त्याने फोनवर सांगितलं, तुझी आई बरी आहे, मशीन भंगार निघालं, सांगलीवाले चोर आहेत. हे सांगताना त्याला फार हलकं वाटलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, तो खाटेवर बसून मनुबाईची नखं कापत होता. उजव्या हाताची झाली होती, डावा हात त्याच्या हातात होता. शालूबाई मुलीकडे औंधला गेली होती. घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं. गोठ्याला त्याने स्वतः कडी घातली होती.

भिंतीत ठोके वाजले.

एक. दोन. आणि तिसरा इतका हळू, की वाजला की नाही असं वाटावं.

जोतिबाची कात्री थांबली. दणकून आलेला ठोका त्याला सहन झाला असता. रागाला राग देता आला असता. पण हा ठोका तिचा होता. काही नको असताना, नुसतंच बोलवायला मारलेला. ह्या घरातली सगळ्यात खाजगी गोष्ट भिंतीपलीकडच्या कुणीतरी ऐकून ऐकून शिकून घेतली होती आणि आता निर्लज्जपणे तिलाच ऐकवत होतं.

त्याने मनुबाईचा हात मुठीत घट्ट धरला. दुसऱ्या हाताने फुलपात्र उचललं आणि भिंतीवर एकच ठोका हाणला. असा, की फुलपात्राला पोचा आला आणि चुन्याचा पोपडा गादीवर पडला. थांब.

बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत गेली.

"मी येतो," तो भिंतीला म्हणाला. आवाज त्याला वाटला होता तितका मोठा निघाला नाही. "आलो म्हून सांगितलं हुतं मी. कबूल मी केलंया. हिनं न्हाई. मी येतो."

भिंतीने ते ऐकलं असेलही. पण बोललेलं तिकडे कळत नव्हतं, ठोकलेलंच कळत होतं, आणि हे त्याच्या ध्यानात येऊन तो फुलपात्र परत उचलणार, तेवढ्यात ठोके पुन्हा आले. पहिल्यापेक्षा हळू. घाई नसल्यासारखे.

त्याने मनुबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग तर नव्हताच. राग सगळा जोतिबाचा एकट्याचा होता. इतके दिवस दर हाकेला हा माणूस 'आलो' म्हणतो आणि जात नाही, हे ती भिंतीच्या या बाजूने ऐकत होती. दिलेला शब्द असा पडून राहिलेला तिला कधीच आवडला नव्हता.

"मनू," तो म्हणाला. "न्हाई. मनू, न्हाई."

त्याने मूठ आणखी आवळली. आणि त्या आवळलेल्या मुठीत, त्याच्या तळव्यावर, तिच्या बोटांनी हळूच दोनदा ठोकलं.